आंधळी वेळ

डिसेंबरातल्या एका दुपारी, बारा वाजून पाच मिनिटांनी, धर्मा नाखव्याच्या होडीचं सुकाणूचं चाक आपोआप फिरलं. नाखव्यानं दोन्ही हात वर उचलून दाखवले.

"बघा बाई. मी बोटसुद्धा लावलेलं नाही."

रेवा केणीनं चारही दिशांना पाहिलं. पाणी ताटासारखं सपाट होतं. मागे खारवलीची खाडी, तिच्या तोंडाशी काळे खडक, आणि पुढे क्षितिजापर्यंत काहीही नाही. तरीही होडी उजवीकडे वळली, कशाला तरी लांबून वळसा घालून गेली आणि पुन्हा आपल्या वाटेला लागली. वळसा घेताना धर्मा नाखव्यानं डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली. जाळं आवरत बसलेले दोघे खलाशी बोलता बोलता गप्प झाले.

"हरेश," धर्मा म्हणाला. "माझा थोरला. या सुमाराला घरी परततो."

चाकाशेजारच्या फलकावर समुद्राचा नकाशा उजळला होता. त्यांच्या होडीच्या ठिपक्याला ओलांडून एक पिवळा ठिपका शांतपणे खाडीकडे चालला होता. त्याच्याखाली नाव होतं, 'एकवीरा'. ऑक्टोबरच्या वादळात एकवीरा चार माणसांसकट बुडाली, त्याला सहा आठवडे झाले होते. एक फळी आणि दोन डबे तेवढे किनाऱ्याला लागले होते. माणसं लागली नव्हती.

रेवाला भीती वाटली नाही. तो ठिपका कुठून येतो हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण त्याला चालवणारा नियम तिनंच लिहिला होता. पण नकाशावर ठिपका पाहणं वेगळं आणि त्याच्यासाठी वाट सोडणाऱ्या होडीत बसणं वेगळं. तिच्या हातावर काटा आला होता. तो तिनं पदराखाली लपवला.

आकाशातल्या ध्रुवमालेला तेव्हा उतरती कळा लागली होती. ध्रुवमाला म्हणजे वाट दाखवणाऱ्या उपग्रहांची माळ. आगगाड्या, विमानं, रुग्णवाहिका, नांगरणीची यंत्रं आणि किनाऱ्यावरच्या एकूण एक होड्या तिच्या भरवशावर चालत. प्रत्येक उपग्रहावर एक अणुघड्याळ असतं आणि तो सतत एकच गोष्ट ओरडून सांगत असतो, 'आत्ता इतके वाजलेत, आणि मी इथे आहे.' ती हाक खाली पोचायला किती वेळ लागला यावरून होडीवरची पेटी आपलं अंतर मोजते. तीन उपग्रहांच्या हाकांवरून जागा कळते. पण पेटीतलं साधं घड्याळ अणुघड्याळाच्या पासंगालाही पुरत नाही, म्हणून त्याची चूक काढायला चौथा लागतो. चार म्हणजे चारच. तिघांवर भागत नाही.

माळेत एकेकाळी अकरा उपग्रह होते. घड्याळं एकामागून एक बंद पडत गेली आणि उरले सहा. बंद पडलेल्यांच्या जागी नवे पाठवणं पूर्वीसारखं सोपं राहिलं नव्हतं. पृथ्वीभोवती फुटक्या यानांच्या, जुन्या रॉकेटांच्या तुकड्यांचा थर साठला होता. त्याला कचराकवच म्हणत. नखाएवढा तुकडा बंदुकीच्या गोळीच्या दसपट वेगानं फिरत असे. त्या थराला क्वचित, काही मिनिटांसाठी भोक पडायचं आणि तेवढ्यात रॉकेट बाहेर काढावं लागे. मागच्या चार वर्षांत दोन प्रयत्न झाले आणि दोन्ही वेळा वरून फक्त ठिकऱ्या खाली आल्या होत्या.

सहा उपग्रहांवर दिवस कसाबसा निघायचा. पण रोज ऐंशी मिनिटं अशी येत, की त्यांतले चार आकाशाच्या एकाच कोपऱ्यात गोळा होत. एका कोपऱ्यातले चार साक्षीदार एकाच बाजूनं पाहतात, म्हणजे साक्ष एकाचीच धरायची. त्या ऐंशी मिनिटांत कोकण किनाऱ्यावरच्या कुठल्याच होडीला आपली खरी जागा कळत नसे. नियंत्रण केंद्रातली माणसं त्याला 'आंधळी वेळ' म्हणत.

आंधळ्या वेळेत होड्यांनी एकमेकींवर आदळू नये म्हणून रेवानं 'सावली' तयार केली होती. प्रत्येक होडीच्या पेटीत वर्षानुवर्षांच्या वाटा साठलेल्या असतात. नाखवा किती वाजता निघतो, कुठे जाळं टाकतो, कुठे वळतो, कुठे रेंगाळतो. त्या सवयीवरून, फक्त आंधळ्या वेळेपुरतं, आत्ता होडी कुठे असायला हवी ते सावली सांगते आणि तिथे ठिपका ठेवते. बाकीच्या होड्यांची चाकं त्या ठिपक्याला टाळून वळतात. बहुतेक वेळा सावली खरी निघत असे. माणूस आपल्याला वाटतो तेवढा मोकळा नसतो, हे रेवाला त्या कामातून कळलं होतं.

आणि एक नियम होता. गप्प झालेल्या होडीचा ठिपका, बंदराची आणि घरच्यांची अशा दोन्ही सह्या आल्याशिवाय पुसायचा नाही. वीस वर्षांपूर्वी रेवानं अशीच एक गप्प होडी नकाशावरून पुसली होती. तिची फक्त पेटी बिघडली होती. नकाशावर जागा मोकळी दिसली म्हणून एक मालवाहू तराफा सरळ गेला आणि सात माणसं त्याच्याखाली गेली. त्यानंतर रेवानं तो नियम स्वतः लिहिला, स्वतः मंजूर करून घेतला.

खारवलीत बंदराची सही झाली होती. बापाची आणि बाकी तिघांच्या घरच्यांचीही झाली होती. राहिली होती हरेशच्या बायकोची.

दुर्वा तांडेलचं घर धक्क्याच्या वर, चढणीला होतं. ओट्यावर सुकट पसरलेली होती आणि दुर्वा ती हातानं परतत होती. तिशीची असेल. तिनं रेवाला पाटावर बसवलं, चहा दिला आणि सही मागितल्यावर सरळ म्हणाली,

"तो नाही, याची तुमची खात्री आहे?"

रेवानं खोटं बोलायचं टाळलं. "सहा आठवडे झालेत, दुर्वा. अशा वेळी..."

"खात्री आहे का एवढंच विचारलं."

"नकाशावर दिसतो तो हरेश नाही. ती त्याची सवय आहे. पेटीला माहीत असलेली."

"मलापण त्याची सवयच माहीत होती," दुर्वा म्हणाली. "दुसरं काय माहीत असतं हो माणसाचं?"

दुर्वा सुकट परतत राहिली. मग म्हणाली, "एक सांगा. तो रोज चार मिनिटं आधी का येतो?"

रेवा चमकली. "तुला कसं कळलं?"

"मी रोज वरच्या खडकावर बसते. होड्या कुठे वळसा घालतात ते तिथून दिसतं. काल जिथून दिसायला लागला, आज त्याच्या जरा मागून. पंधरा दिवस बघतेय. आधी खाडीच्या तोंडाशी दिसायचा. आता पार बाहेर, परतीच्या वाटेवर."

तेव्हा रेवानं तिला समजावलं. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी चोवीस तासांत नव्हे, चार मिनिटं कमी इतक्या वेळात पुरी करते. उरलेली चार मिनिटं सूर्याला गाठायला जातात. आपली घड्याळं सूर्यावर चालतात, उपग्रह मात्र ताऱ्यांच्या हिशेबानं फिरतात. म्हणून आंधळी वेळ रोज चार मिनिटं अलीकडे सरकते. महिन्याला दोन तास. आज दुपारी आहे ती पुढच्या महिन्यात सकाळी दहाला, त्याच्या पुढच्या महिन्यात आठला.

"म्हणजे तो उलटा उलटा दिसत जाणार," दुर्वा म्हणाली. "आधी परतताना दिसला. मग जाळं ओढताना दिसेल. मग जाताना."

"हो."

"आणि मग धक्क्यावर."

रेवानं मनात आकडे मांडले. "मार्चच्या आठ तारखेला आंधळी वेळ पहाटे साडेपाचला सुरू होईल."

दुर्वाचा हात थांबला. "साडेपाचला बर्फ भरून व्हायचा. मग वीस मिनिटं तो नुसता थांबायचा. बाकीचे निघायचे, हा आपला बांधलेला. मी डबा घेऊन जायचे ना, त्यासाठी. डबा घरून नेला तरी चालला असता. पण नाही. मी खाली यायलाच पाहिजे." ती जराशी हसली आणि तिचं हसू तिथेच विरलं. "त्या दिवशी मी गेले नाही. आदल्या रात्री भांडण झालं होतं. पडल्या पडल्या मला एकवीराचं इंजिन ऐकू येत होतं. वीस मिनिटं ते तसंच धडधडत होतं. मग गेला."

बाहेर धर्मा नाखवा खाकरला. त्यानं सगळं ऐकलं असावं.

"आठ मार्चला सही करते," दुर्वा म्हणाली. "त्याच्या आधी नाही."

"जानेवारीत नवे उपग्रह सोडतोय आम्ही. ते चालू झाले की आंधळी वेळच राहणार नाही. सत्तावीस फेब्रुवारीला ते माळेत जोडायचे आहेत."

"मग नऊ दिवस थांबवा."

"ते माझ्या हातात नसतं गं."

असं म्हणून रेवा उठली. पण ते तिच्याच हातात होतं.

बावीस जानेवारीला, सकाळी नऊ वाजून सतरा मिनिटांनी, कचराकवचाला सात मिनिटांचं भोक पडणार होतं. घाटमाथ्यावरच्या नियंत्रण केंद्रात त्या दिवशी कुणी नाश्ता केला नाही. संचालक फडतरे साठीला आलेले, एरवी विनोद करणारे गृहस्थ. ते खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. रॉकेट उठलं. पडद्यावर ते कवचाच्या खालच्या थरात शिरलं तेव्हा दालनात पंख्याचा तेवढा आवाज होता. एकशे चाळीस सेकंद. एक तुकडा चारशे मीटरवरून गेला. मग कवच खाली राहिलं आणि रॉकेटनं तिन्ही उपग्रह एकेक करून मोकळे केले. फडतरे खाली बसले आणि रडायला लागले. त्यांना हसावं की समजवावं हे कुणाला कळेना.

रेवानंही डोळे पुसले. पण तिच्या मनात, स्वतःलाही नीटसा कबूल न केलेला एक विचार येऊन गेला होता. तुकडा जवळ आला त्या क्षणी तिला खारवलीचा ओटा आठवला होता.

नवं अणुघड्याळ अवकाशात गेल्यावर लगेच भरवशाचं होत नाही. उड्डाणाचे हादरे, एका बाजूची उष्णता, दुसऱ्या बाजूची थंडी यांतून ते हळूहळू निवत जातं. घाई करून भागत नाही. घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागानं चुकलं तर खाली जागा तीनशे मीटरनं चुकते. म्हणून घड्याळ निवलं की नाही हे ठरवायचा अधिकार केंद्रात एकाच माणसाला असे. ते माणूस म्हणजे रेवा केणी.

सव्वीस फेब्रुवारीला संध्याकाळी तिन्ही घड्याळं निवली होती. आलेखाच्या रेषा इतक्या सरळ होत्या, की कुणी पट्टी धरून काढल्यात असं वाटावं. फडतऱ्यांनी दारातूनच विचारलं, "काय मग, उद्या जोडायचे?"

"पहिली दोन तयार आहेत," रेवा म्हणाली. "तिसऱ्याचं अजून जरा हलतंय. तिन्ही एकदमच जोडायचे, म्हणजे नऊएक दिवस लागतील."

"चार वर्षं थांबलो, नऊ दिवसांचं काय," फडतरे म्हणाले आणि गेले.

आपण हे का केलं, हे रेवानं पुढे स्वतःलाच अनेकदा विचारलं. ती भाबडी नव्हती. ठिपक्यात हरेश नाही हे तिला माहीत होतं. पण वीस वर्षांपूर्वीच्या त्या सात माणसांच्या घरी ती एकदाही गेली नव्हती. खारवलीत पहिल्यांदाच तिनं अशा घरचा चहा घेतला होता. आणि मनाला समजवायला कारण तयारच होतं. पाच वर्षं आंधळी वेळ आहे, लोक तिच्याबरोबर जगायला शिकलेत, आणखी नऊ दिवसांनी काय आभाळ कोसळणार?

आठ मार्चला पहाटे ती खारवलीच्या धक्क्यावर होती. सूर्य उगवायला अजून तासभर होता. दिव्यांच्या उजेडात टोपल्या उतरत होत्या, बर्फाचे तुकडे होड्यांत पडत होते, माणसं एकमेकांना हाका मारत होती. पाच वाजून बत्तीस मिनिटांनी मच्छीमार सोसायटीच्या भिंतीवरचा मोठा नकाशा क्षणभर विझल्यासारखा झाला आणि पुन्हा उजळला. सगळे हिरवे ठिपके पिवळे झाले. धक्क्याच्या चौथ्या खांबाशी एक जास्तीचा ठिपका होता.

चौथ्या खांबाशी पाणी मोकळं होतं. त्या बाजूच्या दोन होड्या, कुणी न सांगता, इंजिनं हळू करत बाजूला सरकल्या आणि मध्ये बरोबर एका होडीपुरती जागा राहिली. मागून येणाऱ्या होड्या थबकल्या. त्यांची चाकं पुढे जायला तयार नव्हती. बहुतेक नाखव्यांनी चाकावर हातही ठेवले नव्हते.

दुर्वा चढणीवरून खाली आली. धुवट लुगडं, हातात डबा. कुणाकडे न बघता ती चौथ्या खांबापर्यंत गेली. पाण्याकडे तोंड करून उभी राहिली. ती काय बोलली ते रेवाला ऐकू आलं नाही. मध्येच एकदा तिनं कपाळावर हात मारून घेतला, जसं भांडणात मारतात तसा. मग बराच वेळ बोलत राहिली. धर्मा नाखवा बर्फाच्या पेटीवर बसून जमिनीकडे बघत होता.

पाच पन्नासला ठिपका हलला. थबकलेल्या होड्यांत एकदम एक वाट फुटली. डावीकडच्या डावीकडे सरकल्या, उजवीकडच्या उजवीकडे, आणि मधून काळ्या पाण्याची सरळ पट्टी खाडीच्या तोंडापर्यंत उघडली. त्या पट्टीतून काहीही गेलं नाही. तरी लोकांच्या माना हळूहळू त्या बाजूला वळत गेल्या. रेवाचीही वळली. कुणाच्या तरी हुंदक्यानं ती भानावर आली.

दुर्वा परत आली तेव्हा तिचा चेहरा स्वच्छ होता, ताप उतरलेल्या माणसासारखा. डबा तिच्या हातात नव्हता. तिनं सोसायटीच्या टेबलावर वाकून सही केली, नीट, पूर्ण नावानं.

"तुमचे उपकार कसे फेडू?" ती म्हणाली.

त्याच वेळी सोसायटीतला जुना संदेशयंत्राचा भोंगा वाजला. उत्तरेला चाळीस किलोमीटरवरच्या कोंडवळ बंदरातली एक होडी हाका देत होती. पाच अठ्ठावन्न झाले होते.

यासीन सारंग हा कोंडवळचा नाखवा. रोज पश्चिमेला जाणारा. त्या पहाटे त्याला कुणीतरी दक्षिणेकडे बांगड्याचा थवा असल्याचं सांगितलं होतं, म्हणून वीस वर्षांत पहिल्यांदाच तो दुसऱ्या वाटेनं निघाला. तळाची फळी सुटली, होडीत पाणी भरलं आणि त्यानं संकटाची कळ दाबली. आंधळ्या वेळेत फक्त हाक पोचते, जागा पोचत नाही. जागा सावली सांगते. सावलीनं यासीनला त्याच्या नेहमीच्या वाटेवर, पश्चिमेला, नीट चाललेला दाखवलं. बचावाची लाँच पंधरा मिनिटांत त्या जागी पोचली. तिथे समुद्र रिकामा होता. लाँच घिरट्या घालत राहिली.

सहा बावन्नला आंधळी वेळ संपली आणि पेटीची खरी जागा उजळली. अकरा किलोमीटर दक्षिणेला. लाँच तिथे गेली तेव्हा परशा नावाचा खलाशी एका रिकाम्या डब्याला मिठी मारून तरंगत होता. यासीन नव्हता.

"लाँचचा दिवा दिसत होता," परशानं जबानीत सांगितलं. "नाखवा म्हणत होता, येतील, दिवा दिसतोय म्हणजे येतील. बराच वेळ म्हणत होता. ती तिकडेच फिरत होती."

रेवानं ती जबानी केंद्रात बसून वाचली. त्याच दिवशी दुपारी बारा वाजता तिनं तिन्ही उपग्रह माळेत जोडले. जोडायला एक आज्ञा लागली, टंकायला चार सेकंद. नकाशावरचे सगळे ठिपके हिरवे झाले आणि हिरवेच राहिले. दालनात टाळ्या वाजल्या. एकवीराचा ठिपका तिनं स्वतः पुसला.

चौकशी झाली. चौकशीत आलं की घड्याळ निवायला नऊ दिवस अधिक लागले, हा दुर्दैवाचा भाग. आलेख मागवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. फडतऱ्यांनी रेवाच्या पाठीवर हात ठेवला. "तुझी सावधगिरी योग्यच होती. मनाला लावून घेऊ नकोस." रोज सकाळी ती केंद्रात जाई, आलेख पाही, सही करी. लाँचचा दिवा दिसत होता, हे वाक्य कुठलंही काम करताना मध्येच तिच्या कानात उमटायचं.

मेच्या मध्यावर एक बाई केंद्राच्या फाटकाशी आली. कोंडवळहून दोन गाड्या बदलून आली होती. पस्तिशीची, डोक्यावर ओढणी, पायांत समुद्रकाठच्या रबरी चपला. रखवालदारानं तिला रेवाच्या खोलीत आणून सोडलं.

"मी रेहाना सारंग," ती म्हणाली.

रेवा उभी राहिली. तिला वाटलं, आलं शेवटी. तिला जवळजवळ सुटल्यासारखं वाटलं.

पण रेहानाला काहीच माहीत नव्हतं. ती म्हणाली, "यासीन अजून मिळाला नाही. माती द्यायला माणूस नाही, मॅडम. सगळे म्हणतात सही कर. करते. पण खारवलीची दुर्वा मला भेटली बाजारात. तिनं सांगितलं, तुम्ही तिला तिचा माणूस जाताना दाखवला. त्या दिवसापासून तिला झोप लागते म्हणाली."

"रेहाना, बस. मला तुला काही सांगायचंय."

आणि रेवानं सांगितलं. काही हातचं राखलं नाही. घड्याळं सव्वीस तारखेलाच निवली होती. मी खोटं बोलले. सत्तावीसला जोडले असते तर यासीनची जागा लाँचला पहिल्या मिनिटाला कळली असती. दुर्वाला ती पहाट मिळावी म्हणून मी ते नऊ दिवस थांबवले, आणि त्याच पहाटे तुझा नवरा गेला. तू आत्ता खाली जाऊन संचालकांना सांग. मी सोबत येते. मी त्यांच्यापुढे सगळं कबूल करते.

रेहाना ऐकत होती. तिचा चेहरा राखेसारखा झाला. तिनं खुर्चीची कड घट्ट धरली. बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं, त्याच्या पाण्याचा आवाज येत होता.

"म्हणजे ते थांबवता येतं," रेहाना शेवटी म्हणाली.

"काय?"

"ते नवे उपग्रह. थांबवता येतात. तुमच्या हातात आहे."

"आता ते जोडलेत, रेहाना."

"मग काढा. थोडा वेळ."

"नवे तेवढे काढून भागणार नाही, आंधळी वेळ आता रात्री एकला येते. पहाटेसाठी जुन्यांतलेही बंद करावे लागतील आणि सगळा किनारा आंधळा होईल. त्या वेळी पाण्यात बारा-तेरा हजार माणसं असतात. मी आत्ताच तुला सांगितलं ना, काय झालं ते?"

"दुर्वाच्या वेळी ती माणसं नव्हती का?"

रेहाना उठली नाही, ओरडली नाही. संचालकांचं नावही तिनं काढलं नाही. ओढणीच्या टोकानं तिनं डोळे पुसले, ओढणी पुन्हा डोक्यावर नीट घेतली आणि टेबलाकडे खुर्ची सरकवून बसली, दवाखान्यात नंबर लागल्यावर बसतात तशी.

"दुर्वाचा वीस मिनिटं थांबायचा," ती म्हणाली. "माझा थांबत नव्हता. पण धक्क्यावरून निघाला की खडकाला वळसा घालताना एकदा वेग कमी करायचा. आमचं घर तिथून दिसतं. मी खिडकीत असले की भोंगा वाजवायचा, नसले तरी वेग कमी करायचाच. पेटीला माहीत असेल ना ते?"

"असेल," रेवा म्हणाली. तिला स्वतःचा आवाज लांबून आल्यासारखा वाटला.

"एकदाच. पाच मिनिटं पुरे. मग मी सही करते आणि कुणाला काही सांगत नाही."

रेवानं खिडकीबाहेर पाहिलं. नाही म्हणायला एवढासा शब्द लागतो आणि तो तिच्या जिभेवर होता. समुद्रावर त्या घटकेला कोण कोण असेल, कुणाची फळी सुटेल, कोण आज वेगळ्या वाटेनं निघालं असेल, हे सगळं तिला दिसत होतं. समोर बसलेल्या बाईलाही ते दिसत होतं. तिच्याइतकं ते आणखी कुणाला दिसणार होतं? आणि तरी ती बसून होती.

"किती वाजता वळसा घालायचा तो?" रेवानं विचारलं.

"पाच पस्तीसला," रेहाना म्हणाली. "उन्हाळ्यात जरा लवकर."

रेवानं कागद पुढे ओढला आणि वेळ लिहून घेतली.